विषम वर्षातलं मतदान: न्यू जर्सीकर मंडळींसाठी थोडं परखड

पेन्सिल्व्हेनियातल्या कुठल्या काउंटीत कोण पुढे आहे, हे न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला तोंडपाठ असतं. आपल्या स्कूल बोर्डवर, म्हणजे सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या निवडून दिलेल्या मंडळावर, कोण बसलंय, हे मात्र त्याला विचारायची सोय नाही. आणि वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स कुठे जातो? 2024 मध्ये राज्यातलं सरासरी बिल 10,095 डॉलर झालं, म्हणजे पहिल्यांदाच दहा हजारांच्या वर गेलं. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो, उरलेला टाउनशिप आणि काउंटी वाटून घेतात. वॉशिंग्टनला त्यातला एक छदामही जात नाही. तरी आपलं सगळं भांडण वॉशिंग्टनवरूनच.

ऑफ-इयर म्हणजे विषम आकड्याचं वर्ष. मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष नाही, काँग्रेस नाही. राज्यपातळीवरची मुख्य निवडणूक अशा वर्षी घेणारी राज्यं पाचच आहेत. न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीनंतरच्या वर्षी गव्हर्नर निवडतात. केंटकी, मिसिसिपी आणि लुइझियाना तिच्या आदल्या वर्षी. शिवाय देशभरातली असंख्य शहरं, टाउनशिप आणि स्कूल बोर्डं आहेतच. न्यू जर्सीत 1947 च्या राज्यघटनेने गव्हर्नरची मुदत तीनवरून चार वर्षं केली आणि 1949 पासून ही निवडणूक विषम वर्षात बसली. देशाच्या लाटेत राज्याचा कारभार वाहून जाऊ नये, हा त्यामागचा विचार. विचार उत्तम होता. मतदार घरीच बसतील, हे तेवढं हिशेबात धरलेलं नव्हतं.

2020 मध्ये राज्यात सुमारे 72 टक्के मतदान झालं. पुढच्याच वर्षी, गव्हर्नरची निवडणूक असूनही, ते 40 टक्क्यांवर आलं. 2019 ला वर गव्हर्नर नव्हता, फक्त असेंब्ली (राज्याच्या विधिमंडळाचं खालचं सभागृह) होती, तेव्हा 27 टक्के. 2015 ला तर 22. आता 2027 मध्येही गव्हर्नर नाही, पण असेंब्लीच्या 80 आणि सेनेटच्या 40 अशा सगळ्या जागा एकदम पणाला लागणार आहेत. प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे मतदारसंघातून, एक सेनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य. राज्याचा अर्थसंकल्प, शाळांना मिळणारी राज्याची मदत, एनजे ट्रान्झिटचा (राज्याच्या बस आणि रेल्वेचा) पैसा, सगळं ह्याच 120 जणांच्या हातून जातं.

एका मताने काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी व्हर्जिनियाचं 2017 साल आठवावं. हाऊस ऑफ डेलिगेट्सच्या (तिथल्या खालच्या सभागृहाच्या) 94 व्या डिस्ट्रिक्टमध्ये पहिल्या मोजणीत रिपब्लिकन डेव्हिड यॅन्सी दहा मतांनी पुढे होते. फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सायमंड्स एका मताने जिंकल्या. मग न्यायाधीशांपुढे एक मतपत्रिका आली, जिच्यावर मतदाराने दोन्ही नावांपुढचे गोल काळे करून एकावर काट मारली होती. ते मत यॅन्सींना धरलं गेलं आणि दोघांची मतं झाली 11,608. शेवटी 4 जानेवारी 2018 ला भांड्यातून चिठ्ठी काढली, यॅन्सींचं नाव निघालं आणि सभागृहात रिपब्लिकनांचं बहुमत 51 विरुद्ध 49 असं ठरलं. ह्यातून व्यवहाराची गोष्ट एवढीच घ्या: कागदी मतपत्रिकेवर चुकलात तर खाडाखोड करू नका, टेबलावरच्या माणसाकडून नवी मागून घ्या. ती मिळते.

आपल्याकडे 2021 ला फर्निचर कंपनीचा ट्रक चालवणाऱ्या एडवर्ड डर यांनी राज्याच्या सेनेटचे अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी यांना घरी बसवलं. राज्यातला दुसऱ्या क्रमांकाचा ताकदवान माणूस, आणि फरक दोनेक हजार मतांचा! तेवढी मतं तर आपल्या गणपतीच्या आरतीला रांगेत उभी असतात. (सगळे नागरिक असतात असं नाही. त्याबद्दल पुढे.)

आता मुख्य विषय, स्कूल बोर्ड. 2012 पर्यंत ह्या निवडणुका बहुतेक ठिकाणी एप्रिलमध्ये व्हायच्या आणि शाळेचं बजेटही मतदाराकडून मंजूर करून घ्यावं लागायचं. त्या वर्षीच्या जानेवारीत कायदा बदलला. निवडणूक नोव्हेंबरमध्ये नेली आणि करवाढ दोन टक्क्यांच्या मर्यादेत ठेवली, तर बजेटवर मतदान घ्यायची गरज नाही. बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्टनी ती सवलत आनंदाने घेतली. म्हणजे बजेटवर थेट बोलायचा तुमचा हक्क गेला आणि हातात राहिली फक्त माणसं निवडायची संधी. ती संधी मतपत्रिकेच्या एका कोपऱ्यात असते, पक्षाच्या नावाशिवाय. वरची दोन नावं निवडून मशीनसमोरून निघून जाणारे इथपर्यंत पोचतच नाहीत.

बोर्डावर साधारण नऊ सदस्य, मुदत तीन वर्षं, दरवर्षी तीन जागा. सुपरिंटेंडेंट (सगळ्या शाळांचा मुख्य प्रशासक) कोण हे बोर्ड ठरवतं आणि अभ्यासक्रमाचा रोख बराचसा सुपरिंटेंडेंट ठरवतात. 2015 मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये मुलांवरचा ताण कमी करायचा म्हणून मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद झाल्या, चौथी-पाचवीपासूनच्या प्रगत गणिताची फेररचना झाली, तेव्हा देशी पालक खवळून उठले. निर्णय बरोबर होता की चूक, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण अशा गोष्टी कानावर येतात तेव्हा बोर्डाच्या समित्यांमध्ये त्यांवर महिनोन्‌महिने बोलणं झालेलं असतं. दिवाळीची सुट्टीही बोर्डाच्याच कॅलेंडरमधून येते, कुणाच्या कृपेने नाही.

उमेदवार व्हायला काय लागतं? वय अठरा, नागरिकत्व, स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये एक वर्षाचं वास्तव्य, मतदार म्हणून नोंद, आणि त्याच डिस्ट्रिक्टमधल्या मोजक्या मतदारांच्या सह्यांचा अर्ज. तो काउंटी क्लर्ककडे जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारपर्यंत पोचायला हवा. 2027 ला तो 26 जुलै. निवडून आल्यावर पार्श्वभूमीची तपासणी होते, मानधन शून्य. अर्ज फेटाळले जातात ते क्षुल्लक कारणांनी. सही करणारा शेजारच्या टाउनशिपचा निघतो, त्याची नोंद जुन्या पत्त्यावर असते, किंवा सही वाचता येत नाही आणि खाली नाव लिहिलेलं नसतं. म्हणून लागतात त्याच्या दुप्पट सह्या घ्या आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. जुलैत अर्धी मंडळी भारतात असतात, हीच खरी अडचण. सह्या जूनमध्येच उरका.

ही पायरी वर जाणारी आहे, हेही लक्षात घ्या. वेस्ट विंडसरचे हेमंत मराठे आधी बरीच वर्षं स्कूल बोर्डवर होते, मग टाउनशिप कौन्सिलवर गेले आणि 2017 ला मेयर झाले. ढोल-ताशा पथकाच्या समितीवर निवडून येण्यापेक्षा हे फार अवघड आहे, असं मला वाटत नाही. भांडणं तर तिथे कमीच असतील.

मेयर आणि कौन्सिलचं महत्त्व लोकांना रस्त्यातल्या खड्ड्यांपुरतं वाटतं. खरी सत्ता नेमणुकांमध्ये आहे. प्लॅनिंग बोर्ड आणि झोनिंग बोर्डावरची माणसं निवडून येत नाहीत, मेयर किंवा कौन्सिल नेमतं. घरामागे गोदाम उभं राहणार की नाही, मंदिराला पार्किंगच्या किती जागा दाखवाव्या लागणार, ही प्रकरणं तिथे जातात. जमिनीचा वापरच बदलायचा असेल तर झोनिंग बोर्डाच्या सातपैकी पाच जणांनी हो म्हणावं लागतं. चार पुरत नाहीत. सुनावणीच्या रात्री दोनशे जणांना घेऊन जाण्यापेक्षा त्या पाचांना नेमणारा माणूस वेळेवर निवडणं स्वस्त पडतं.

पक्षाच्या चिन्हावर लढवली जाणारी टाउनशिप असेल, तर नोव्हेंबर ही बहुतेक वेळा औपचारिकता असते. एडिसनसारख्या एका पक्षाचा वरचष्मा असलेल्या गावात निकाल जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, लागतो. पूर्वी तिथेही फार वाव नव्हता. काउंटीच्या पक्षसंघटनेने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एका ओळीत आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, अशी ती कुप्रसिद्ध ‘काउंटी लाइन’ होती. तेव्हा काँग्रेसचे सदस्य असलेले अँडी किम यांच्या दाव्यात मार्च 2024 मध्ये फेडरल न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती तिला मनाई केली आणि 2025 मध्ये ती कायद्यानेच गेली. आता प्रत्येक पदाचा वेगळा चौकोन असतो. नव्या उमेदवाराला इतकी मोकळी वाट ह्या राज्यात कित्येक दशकांत मिळालेली नाही, आणि आपण अजून तिच्यावर पाऊलही टाकलेलं नाही.

2027 ची प्रायमरी 8 जूनला. कुठल्याच पक्षात नोंद नसेल तर त्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगता येतो. पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर फॉर्म 55 दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे 14 एप्रिलपर्यंत. इथे बरेच जण अडकतात: कधीकाळी कुठल्यातरी प्रायमरीत मत दिलेलं असतं, नोंद तशीच राहते आणि जूनमध्ये केंद्रावर जाऊन वाद घालतात. तो टेबलावरच्या बाईंशी घालू नये. त्यांच्या हातात काही नसतं.

जर्सी सिटीची तऱ्हा निराळी. तिथे पक्ष नाही, प्रायमरी नाही. नोव्हेंबरमध्ये कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर डिसेंबरमध्ये रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. 2025 चा मेयर असाच ठरला, 2 डिसेंबरला, जेम्स सॉलोमन विरुद्ध माजी गव्हर्नर जिम मॅकग्रीव्ही. भारताचं तिकीट काढताना डिसेंबरचा पहिला आठवडाही डोळ्यांपुढे ठेवा.

मेल-इन बॅलटमध्ये (घरी येणाऱ्या टपाली मतपत्रिकेत) आपल्या लोकांचं काय चुकतं, हे जरा सविस्तर. आतल्या पाकिटाला जोडलेला सर्टिफिकेटचा भाग असतो, तो फाडायचा नाही. त्यावर सही करायची आणि ते पाकीट बाहेरच्या पाकिटात घालायचं. तो भाग व्यवस्थितपणे कापून वेगळा ठेवणारे सुशिक्षित लोक आहेत. दुसरी चूक सहीची. नोंदणीच्या वेळी लायसन्सच्या खिडकीवर घाईत केलेली सही, पाकिटावर बँकेत करतो ती पल्लेदार सही, आणि एखाद्या आजोबांची देवनागरीत. सह्या ताडून पाहतात, जुळल्या नाहीत तर घरी पत्र येतं. ते जाहिरात समजून रद्दीत टाकू नका, सोबतचा फॉर्म भरून मुदतीत परत पाठवा, मत वाचतं. तिसरी चूक: मेल-इन मागवून ऐन वेळी केंद्रावर जाणं. तिथे मशीनवर मत देता येत नाही, प्रोव्हिजनल बॅलट (तपासणीनंतरच मोजला जाणारा) भरावा लागतो, आणि भरलेलं पाकीटही केंद्रावर घेत नाहीत. ते काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत टाका. पोस्टाच्या शिक्क्यावर विसंबू नका.

सगळ्यात सोपं म्हणजे अर्ली व्होटिंग, मुख्य दिवसाच्या आधीच केंद्रावर जाऊन मत देणं. काउंटीतल्या कुठल्याही अर्ली केंद्रावर जाता येतं. सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते रात्री आठ, रविवारी सहापर्यंत. 2027 ला मतदान 2 नोव्हेंबरला आहे, म्हणजे अर्ली व्होटिंग 23 ते 31 ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन 29 ला. ऐन दिवाळीत येतंय, त्यामुळे पहिल्याच शनिवारी उरकून टाका. नव्याने नाव नोंदवायचं असेल तर 21 दिवस आधी, 12 ऑक्टोबरपर्यंत.

ह्या सगळ्या निवडणुका सम वर्षात हलवाव्यात, असा एक जोरदार मतप्रवाह आहे. लॉस एंजेलिसने हलवल्या. न्यूयॉर्क राज्याने 2023 मध्ये बऱ्याच काउंटी आणि टाउनच्या निवडणुका हलवायचा कायदा केला, पण 2025 ला न्यूयॉर्क शहराच्या मतदारांनी स्वतःच्या शहरापुरती तशी सूचना फेटाळली. मतदान वाढतं हे खरं. पण टीव्हीवर अब्जावधी डॉलरच्या जाहिराती चालू असताना प्लेन्सबरोच्या पाण्याबद्दल कोण ऐकणार? माझं मत: गव्हर्नर आणि विधिमंडळ विषम वर्षातच राहू द्या. हलवायच्याच असतील तर त्या चोरपावलांनी येणाऱ्या निवडणुका हलवा. काही गावांत फायर डिस्ट्रिक्टचे (अग्निशमन विभागाचे) कमिशनर आणि त्यांचं बजेट अजून फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी ठरतं. थंडीत, दुपारी, मूठभर लोकांमध्ये. शाळेच्या इमारतींचे कोट्यवधी डॉलरचे बाँड (कर्जरोखे) जानेवारी, मार्च, सप्टेंबर किंवा डिसेंबरच्या एखाद्या मंगळवारी मंजूर होतात. ते फेडतो आपण, वीस-वीस वर्षं. हे सगळं नोव्हेंबरमध्ये आणायला काय हरकत आहे, याचं पटेल असं उत्तर कुणी दिलेलं नाही. कमी लोक आले की ज्यांचा पगार किंवा कंत्राट त्यात आहे त्यांचीच मतं उरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटी एच-वन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी, कारण इथे चूक महाग पडते. एमव्हीसीत (राज्याच्या वाहन परवाना कार्यालयात) लायसन्स करताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. नागरिक नसाल तर स्पष्ट नाही म्हणा आणि सही करण्याआधी कागद वाचा. चुकून झालेली नोंदणीसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येते. उमेदवाराला देणगी फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. एच-वनवाल्याने फंडरेझरच्या जेवणाचं तिकीटही काढायचं नाही, अगदी स्कूल बोर्डाच्या उमेदवारासाठीसुद्धा नाही, आणि त्याच्यासाठी मित्राने स्वतःच्या नावाने चेक फाडणं हाही गुन्हाच. बिनपगारी फोन करणं, पत्रकं वाटणं चालतं. बोर्डाच्या बैठकीला जायला व्हिसा कुणी विचारत नाही, आणि तुमचं मूल त्या शाळेत आहे एवढं माईकवर बोलायला पुरतं.