मूत्रमार्गातील जंतूंचे सुयोग्य संगोपन

मूत्रमार्गाचा संसर्ग करणाऱ्या जंतूंविषयी समाजात उगाचच आकस आहे. त्यांतले बहुसंख्य असतात ते ई. कोलाय, आणि ते काही परगावाहून आलेले नसतात. आपल्याच आतड्यात ते जन्मापासून नांदत असतात. 1885 साली थिओडोर एशेरिश यांनी तान्ह्या बाळांच्या शौचातच त्यांना प्रथम ओळखले. तिथून मूत्राशयापर्यंत पोहोचणे एवढेच त्यांचे स्वप्न असते, आणि स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असल्याने ते पुरे व्हायला फारसे कष्ट पडत नाहीत. एकदा पोहोचले की अंगावरच्या बारीक तंतूंनी ते मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट चिकटतात. त्यांना धुऊन नेणारा लघवीचा प्रवाह मात्र त्यांना सोसवत नाही, म्हणून सुजाण पालकाने सर्वांत आधी या प्रवाहाचा बंदोबस्त करावा.

या बाबतीत सोलापूरकरांना फार शिकवावे लागत नाही. मे महिन्यात पारा 43 अंशांवर जातो आणि नळाला पाणी काही दिवसांआड येते, तेव्हा ते पिंपात जपावे, पोटात घालवू नये. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायला बसलेल्या बाईने तर सूप मांडीवर घेतले की उठूच नये. उठले की विड्या कमी भरतात, आणि पाणी प्यायले की उठावे लागते. पुण्याला निघालेल्या प्रवासी भगिनींनी एसटीत बसण्यापूर्वी पाण्याची बाटली पिशवीच्या तळाशी ठेवावी आणि वाटेतल्या थांब्यावरचे स्वच्छतागृह बाहेरूनच पाहून परत फिरावे. बल्गेरियात झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर संसर्गाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. असल्या बातम्या घरात वाचून दाखवू नयेत.

यथावकाश जळजळ सुरू होईल. तिला उन्हाळी म्हणावे आणि धण्याजिऱ्याच्या पाण्यावर भागवावे. थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर पाठीत दुखू लागले, म्हणजे जंतू मूत्रपिंडाकडे निघाले असण्याचा संभव आहे. त्यांना अशा वेळी डॉक्टर दाखवून नाउमेद करू नये. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन "जळजळ होतेय, एक-दोन गोळ्या द्या" एवढेच सांगावे. 2014 पासून सेफिक्झिमसारख्या प्रतिजैविकांना (अँटिबायोटिकांना) एच-वन नावाचा नियम लागू आहे. त्यानुसार चिठ्ठी पाहून, डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव वहीत लिहूनच ती द्यायची असतात, आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. एखाद्या दुकानदाराने हा नियम मनावर घेतलाच, तर त्याच्याशी वाद न घालता पुढच्या दुकानात जावे. दोन गोळ्यांनी जळजळ थांबली की उरलेली स्ट्रिप शेंगाचटणीच्या बरणीमागे ठेवावी; ती जाऊबाईंच्या उपयोगी पडते.

इथे एक मुद्दा फार कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. जंतूंचे शिक्षण, म्हणजे औषधाला पुरून उरण्याची विद्या, फक्त मूत्राशयात होते हा गैरसमज आहे. सर्दी-खोकला झाला म्हणून आपण जे प्रतिजैविक घेतो, त्याचा त्या विषाणूवर काडीमात्र परिणाम होत नाही, परंतु ते आतड्यातून जाताना तिथल्या कोट्यवधी निरुपद्रवी जंतूंची चाळणी करून जाते. दुबळे मरतात, तगडे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. शिवाय हे तगडे आपली विद्या स्वतःजवळ ठेवत नाहीत. प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर ती बरेचदा लिहिलेली असते आणि त्याची नक्कल शेजारच्या, प्रसंगी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देता येते. पुढे मूत्राशयाकडे जी तुकडी निघते ती याच आतड्यातली असते. म्हणजे जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून आणलेल्या सर्दीवर घेतलेली गोळी मेच्या उन्हाळीत फळाला येऊ शकते. इतक्या थोड्या खर्चात इतके उच्चशिक्षण दुसरीकडे कुठे मिळते?

कधीतरी एखादे खडूस डॉक्टर औषधाआधी लघवीचे कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून त्यांना कोणते औषध लागू पडेल ते पाहणारी तपासणी, करायला सांगतात. अशा वेळी आदल्या रात्री प्रतिजैविकाची एक गोळी आधीच घेऊन टाकावी, म्हणजे जंतू उगवणार नाहीत आणि रिपोर्ट कोरा येईल. तेही न जमल्यास नमुन्याची डबी स्कूटरच्या डिकीत ठेवून आधी बाजार उरकावा आणि दुपारी दोनला प्रयोगशाळेत द्यावी. नमुना दोन तासांत पोहोचवावा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावा, असे तिथले लोक सांगतात; पण डिकीतल्या उबेत जंतू इतके वाढतात की नसलेला आजारही दिसू लागतो. घरातल्या आजोबांना काहीच त्रास नसताना त्यांच्या लघवीत जंतू सापडले, तर लगेच औषधाचा आग्रह धरावा. गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया असे अपवाद सोडले तर त्रास नसलेल्या माणसाला सहसा औषध देऊ नये, हे डॉक्टर समजावतील. आपण ऐकू नये.

या साऱ्याचे फळ रिपोर्टवरच दिसते. औषधांच्या नावांपुढे 'एस' म्हणजे लागू पडेल आणि 'आर' म्हणजे पडणार नाही. साध्या गोळ्यांच्या ओळीत 'आर' खाली 'आर' लागत गेले की आपण कार्बापेनेम या राखीव, जबर प्रतिजैविकांच्या इंजेक्शनांपर्यंत पोहोचलो असे समजावे. तेव्हा रोज सलाईन लावून घेण्यासाठी रुग्णालयात खाट धरावी लागते. तीही इंजेक्शने फोडून टाकणारे एक विकर (एन्झाइम) काही जंतूंकडे असते आणि त्याच्या नावात नवी दिल्ली आहे, ही त्यातल्या त्यात अभिमानाची बाब.

खाटेशी आलेले डॉक्टर विचारतील की गेल्या तीन महिन्यांत कोणकोणती औषधे घेतली. पाकीट, चिठ्ठी, बिल यांपैकी काही जवळ ठेवलेले नसावे. शांतपणे सांगावे, "नाव काय लक्षात नाही बघा, पांढरी गोळी होती, लांबट."