‘मॅडमना आवडलं की पासष्ट’

‘त्रस्त पालक’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

डिझाइनच्या वर्गात पोस्टरच्या सबमिशनला मी गुण कसे देते, त्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “डिझाइनमध्ये बरोबर-चूक काही नसतं. मॅडमना आवडलं की पासष्ट, नाही आवडलं की पंचेचाळीस. रफ वहीला चाळीस गुण कशाला? गिऱ्हाईक रफ बघतं का? असल्या बायकांनी बाजार कधी पाहिलेलाच नसतो.”

मतभेद असू द्या. पण ‘असल्या बायका’ कशासाठी? समोर बसून कुणाशी असं बोलाल का? तुमची मुलगी माझ्या वर्गात आहे की नाही, हेसुद्धा तुम्ही सांगितलेलं नाही. माझी लायकी मात्र ठरवून मोकळे झालात.

एक मान्य करते. असाइनमेंटचं ब्रीफ, म्हणजे काय करायचं ते सांगणारा कागद, इंग्रजीतून असतो, तो मराठीतूनही द्यावा, ही तुमची सूचना चांगली आहे. पुढच्या सेमिस्टरपासून देईन.

आता ‘आवडलं की पासष्ट’. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. आई विड्या वळायची. कारखान्यात तपासणारा माणूस त्यातल्या मूठभर उचलून खराब म्हणून बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे बुडाले. का टाकल्या, हे विचारायची सोय नव्हती. त्या रांगेत मी आईचा पदर धरून उभी राहिलेय. कारण न देता काम नाकारणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून माझ्या गुणपत्रिकेत प्रत्येक आकड्यासमोर कारण लिहिलेलं असतं. कामावर नाव नसतं, नंबर असतो. दुसरे एक सर स्वतंत्रपणे गुण देतात आणि आमच्यात दहापेक्षा जास्त फरक पडला तर पोस्टर पुन्हा टेबलावर येतं.

आणि बरोबर-चूक नसतं म्हणता? पोस्टरचा विषय होता सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा. मराठी अक्षरांमधलं अंतर इंग्रजीसारखं वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. दोन ओळी फार जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. पोस्टर कॉरिडॉरच्या एका टोकाला लावून दुसऱ्या टोकाला भलत्याच वर्गातला मुलगा उभा करतो. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याची तारीख त्याला वाचता आली नाही तर गुण जातात. सोलापुरातल्या सात रस्ता चौकात गाडीवरून जाणारा माणूस तुमच्या पोस्टरसाठी थांबणार नाही. यात माझी आवड कुठे आली? मला जांभळा रंग अजिबात आवडत नाही, तरी गेल्या खेपेला सगळ्यांत जास्त गुण जांभळ्या पोस्टरलाच होते, कारण त्या गर्द रंगावर यात्रेच्या मिरवणुकीत निघणाऱ्या नंदीध्वजाची उभी काठी आणि तारीख, दोन्ही लांबून उठून दिसत होते.

रफ वहीचं म्हणाल, तर नेटवरून देवळाचा ड्रोन फोटो उतरवून त्यावर नाव टाकलं तरी पोस्टर देखणं दिसतं. त्या मुलाने विचार काय केला, कुठला पर्याय का सोडला, हे रफ वहीतल्या थंबनेलांशिवाय, म्हणजे छोट्या कच्च्या रेखाटनांशिवाय, कळायला दुसरा मार्ग नाही. गिऱ्हाईक रफ बघत नाही, खरंय. पण “नंदीध्वज डावीकडे घ्या” असं ते सांगतं, तेव्हा ज्याने कधी दुसरा लेआउट करून पाहिलेला नाही, तो अडकतो.

आणि बाजार. शिकवायला येण्याआधी कित्येक वर्षं मी एका ऑफसेट प्रेसमध्ये टॉवेलची लेबलं आणि चादरीच्या पिशव्यांचं आर्टवर्क करत होते. बारीक काळा मजकूर चार रंगांत गेला, रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, केसभर हललं आणि अक्षरं फुटली, की छपाईच्या प्लेटा परत काढायला लागतात आणि पैसे पोराच्या पगारातून कापले जातात, हे डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून छपाईत अडचण करणारी चूक मी सोडत नाही; फाइलमध्ये ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापणीच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र, नसेल तरी गुण कापते. तुम्हाला तो छळ वाटतो.

तुम्ही काढलेला इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेतल्या ए ग्रेडचा मुद्दा इथे गैरलागू आहे. त्या परीक्षेत गिऱ्हाईकही नसतं आणि छपाईही नसते. फी, प्लेसमेंट आणि एआयबद्दल तुम्ही जे लिहिलंय, त्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही.

मुलगी आमच्याकडे असेल तर तिला आणि तिच्या रफ वहीला घेऊन या. गुणपत्रिका समोर ठेवून ओळ न् ओळ समजावते, तुम्ही म्हणाल तितका वेळ. फक्त बोलताना नीट बोला.