चंद्रावर ‘सपाट’ काय दिसतं ते जरा जवळून बघू

आमच्या इंदिरानगरच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय: ‘चंद्राचे नकाशे 60 वर्षांपासून तयार आहेत. फोटोत सपाट जागा बघायची आणि यान उतरवायचं. चांद्रयान-2 पडलं ते जागा चुकली म्हणून. आता तर यानातच कॅमेरे असतात, मग नकाशे हवेत कशाला?’

फोटोत सपाट दिसतं, कबूल. आपल्याकडचं नांगरलेलं रान मोबाइलवरच्या उपग्रहचित्रात बघा, तपकिरी चादर अंथरल्यासारखं दिसतं. तेच सकाळी 7 वाजता बांधावर उभं राहून बघा: ढेकळाढेकळाला हातभर सावली. चंद्राच्या नकाशाचं बरंचसं काम अशा सावल्यांवरच चालतं. सूर्य 10 अंश वर असेल तर मीटरभर उंच धोंड्याची सावली साडेपाच मीटरच्या पुढे जाते. सावली मोजा, उंची हाती येते. पण ध्रुवाकडे ऊन कायमच तिरपं. तिथे त्याच सावलीत अख्खं विवर दडून बसतं. म्हणून एकाच जागेचे वेगवेगळ्या वेळच्या उन्हातले फोटो लागतात.

60 वर्षांपूर्वीचे तपशीलवार फोटो मुख्यतः विषुववृत्ताजवळचे होते. तरीही 1969 मध्ये आर्मस्ट्राँगला ऐनवेळी धोंड्यांनी भरलेलं विवर ओलांडून पुढे जावं लागलं. 2009 पासून चंद्राभोवती फिरणारं नासाचं एलआरओ हे यान लेझरने उंची मोजतंय, सेकंदाला 28 वेळा. तेवढ्या सेकंदात यान दीड किलोमीटरहून जास्त पुढे जातं, म्हणजे दोन झोतांमध्ये पन्नासेक मीटरचं अंतर. मधला धोंडा सुटलाच की!

कॅमेऱ्यांचं म्हणाल, तर ते शेवटच्या टप्प्यात मदत करतात. पण तेव्हा यान थोडंफारच बाजूला सरकू शकतं. आजूबाजूला सगळाच खडकाळ भाग असेल तर कॅमेरा काय करणार?

राहिलं चांद्रयान-2. त्याचा लँडर विक्रम निवडलेली जागा चुकीची होती म्हणून पडला नाही. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त भरला, चूक सावरताना सॉफ्टवेअर कमी पडलं, आणि उतरायला जागा दिलेली जेमतेम 500 बाय 500 मीटर. चांद्रयान-3 साठी ती 4 बाय 2.4 किलोमीटर केली, म्हणजे अडतीसपट. एवढ्या रानात 12 अंशांहून जास्त उतार कुठे, धोंडे कुठे, हे तपासायला सुमारे 30 सेंटीमीटरपर्यंतचा तपशील टिपणारा कॅमेरा होता तो चांद्रयान-2 च्या ऑर्बिटरवर. लँडर पडल्यावरही ते ऑर्बिटर चंद्राभोवती फिरतच होतं.