पंखा फिरतोय, पडदा काळा

कॉम्प्युटरचा पंखा गरगर फिरतो, दिवा लागतो, मॉनिटरवर 'नो सिग्नल'. की लगेच निदान तयार: "मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या." अहो, आधी कॅबिनेट उघडा तरी!

जुन्या मशीनमध्ये पहिला संशयित रॅम, म्हणजे बोर्डावर खोचलेली मेमरीची पट्टी. प्लग काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. पट्टी काढून सोनेरी दातांवरून साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका. दमट हवेत त्यांवर पातळ थर बसतो आणि संपर्क तुटतो, एवढंच! दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, मग स्लॉट (पट्टी बसते ती खाच) बदला. कडी 'टक्' वाजेपर्यंत पट्टी दाबायची. आणि स्लॉटमध्ये फुंकर मारू नका हो, थुंकी उडते!

बोर्डाला छोटा स्पीकर असेल तर रॅम पूर्ण काढून चालू करा. बीप आले तर बोर्ड आणि प्रोसेसर बहुधा जिवंत आहेत. हे कुणी करतच नाही.

चित्रासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असताना मॉनिटरची केबल बोर्डाच्याच व्हीजीए पोर्टला खोचणारे तर धन्य! कार्ड दिसलं की बरेच बोर्ड ते पोर्ट बंद ठेवतात.

प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ हा गोल बटणासारखा सेल पाच मिनिटं काढून ठेवा, चुकीची सेटिंग्ज पुसली जातात.

आणि "पंखा फिरतोय म्हणजे एसएमपीएस ठीक" हे कुणी पसरवलं? एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा. पंख्याला फक्त १२ व्होल्ट लागतात. त्याच डब्यातून येणारे ५ आणि ३.३ व्होल्ट ठीक आहेत का, हे मल्टिमीटरनेच कळतं. प्रोसेसरशेजारचा चार पिनांचा वेगळा प्लग सुटला तरी पंखा फिरतोच!