मांजराचा वाटा फोडणीच्या आधी काढा

मांजराला आपल्यातलं काय चालतं आणि काय नाही याच्या याद्या सारख्या फॉरवर्ड होत असतात, आणि त्यात सालमन, ब्लूबेरी, अॅव्होकाडो असलं सगळं असतं. सांगली-साताऱ्याच्या घरात ओट्यावर जे असतं ते त्यात शोधून सापडत नाही. आपल्याकडं ओट्यावर असतो कांदा-लसूण मसाला. वर्षभराचा करून बरणीत दाबून ठेवलेला. भाजीत तोच, आमटीत तोच, रश्श्यात तोच, काहीच नसलं तर भाकरीवर तेल घालून तोच. आणि मांजर असलेल्या घरात सगळ्यात सांभाळायची गोष्ट कुठली विचाराल तर तीही हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ज्यांच्याकडं मांजर आहे त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

कांदा, लसूण, कांद्याची पात हे सगळं एकाच कुळातलं. त्यातली गंधकाची द्रव्यं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी खराब करतात, मग त्या पेशी फुटायला लागतात आणि रक्त कमी होतं. मांजराचं हिमोग्लोबिनच असं आहे की त्याला हा मार आपल्यापेक्षा आणि कुत्र्यापेक्षाही जास्त बसतो. किलोमागं ५ ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तात बदल दिसू शकतात, म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम, मध्यम कांद्याचा जेमतेम पाव भाग. लसूण त्याहून तेज. आणि शिजवला म्हणून, तळला म्हणून, वाळवला म्हणून तो गुण जात नाही. उलट वाळवून कुटलेल्या मसाल्यात पाणी उडालेलं असतं, त्यामुळं चमचाभरात कितीतरी कांदा-लसूण बसलेला असतो.

आता खरा मुद्दा. आपल्याकडं रस्सा मांजराला कुणी मुद्दाम घालत नाही, तिखट आहे हे सगळ्यांना कळतं. घालतात ते अळणी, म्हणजे मीठ असलेलं पण बिनतिखटाचं. मटण नाहीतर चिकन शिजवताना हळद, मीठ, आलं-लसूण लावून, बऱ्याच घरात कांदा परतून त्यावर वाफवायचं, तिखट घालायच्या आधी त्यातलं थोडं पोरांसाठी काढायचं, आणि त्याच पातेल्यातलं दोन पिसेस आणि वाटीभर अळणी पाणी मांजरापुढं. तिखट नाही ना, मग चालतंय, असा सरळ हिशोब. पण अळणीत तिखट नसलं तरी लसूण पूर्ण उतरलेला असतो. आखाडात, जत्रेत, पाहुणे आले की हेच, आणि एका वेळी नाही बाधलं तरी थोडं थोडं रोज पोटात जात राहिलं तरी त्रास होतो हे लक्षात घ्या.

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्याच शेजारच्या काकूंचा बोका असा आजारी पडला होता. दोन दिवस नुसता पडून, हिरड्या पांढऱ्या फटक, लघवी चहासारखी. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, आठवड्यात काय काय खाल्लं? काकू म्हणाल्या, "लसूण काय विष असतंय व्हय ओ? आमी रोज खातोय की." खरं आहे, आपण रोज खातो. आपल्याला पचतंय, त्याला पचत नाही, एवढाच फरक आहे. बोका वाचला, पण रक्त भरून यायला खूप वेळ गेला आणि काकूंना रात्र रात्र झोप नव्हती. इतक्या जीवापाड प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावं याचं मला फार वाईट वाटलं, कारण त्यांना हे आधी कुणी सांगितलेलंच नव्हतं.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, मांजराचा वाटा फोडणीच्या आधी काढा. आलं-लसूण लावायच्याही आधी. धुतलेल्या चिकनचे चार-पाच तुकडे छोट्या भांड्यात नुसत्या पाण्यात शिजवायचे, मीठसुद्धा नको. गॅसवर कुकर लागलेलाच असतो, त्यात एक वाटी जास्त बसते. हाडं काढून टाकायची, शिजलेलं हाड मोडताना टोकदार होतं आणि घशात-आतड्यात रुततं. पाणी मात्र फेकू नका. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांसात असतं, ते शिजताना पाण्यात उतरतं, आणि मांजराला ते आपल्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा जातो, हृदय ढिलं पडतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या लोकांनी १९८७ साली हे दाखवून दिलं की हृदय निकामी होत चाललेली मांजरं टॉरिन दिल्यावर सुधारतात, आणि त्यानंतर कंपन्यांनी कॅटफूडमध्ये टॉरिन वाढवलं. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा लेगपीसमध्ये ते जास्त असतं, त्यामुळं बोनलेसचा हट्ट नको.

याच कारणानं दूध-चपातीवर माझा राग आहे. आपल्याकडं मांजर म्हणजे दूध-चपाती, पिढ्यान्‌पिढ्या. मांजर खातं, अंगानं भरलेलंही दिसतं, म्हणून कुणाला वाटतच नाही की काही चुकतंय. पण त्यात टॉरिन नावापुरतं, मांस शून्य, आणि पिल्लू आईचं दूध सोडतं तसं दूध पचवायची ताकद कमी होत जाते, मग पातळ शी सुरू होते आणि घरचे म्हणतात की उंदीर खाल्ला असेल. पूर्वीची मांजरं दूध-चपातीवर जगायची असं आजी सांगायची, पण ती मांजरं दिवसभर परड्यात, कणगीभोवती उंदीर मारत फिरायची ना. त्यांचं खरं जेवण तेच होतं. फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर कुठनं मिळणार? चमचाभर दही बऱ्याच मांजरांना सोसतं, दुधाची वाटी नको.

नुसतं चिकन रोज देणाऱ्यांनाही सांगते, तेवढ्यावर भागत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी, त्यामुळं वाढीच्या पिल्लांची हाडं इतकी ठिसूळ होतात की सोफ्यावरून उडी मारली तरी पाय मोडतो. पोटभरीचं खाणं मांजरासाठी बनवलेलं पूर्ण कॅटफूड असावं आणि आपल्या घरातलं जे काय लाडाचं ते दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत, असं माझं मत आहे. कुत्र्याचं फूड स्वस्त पडतं म्हणून ते घालू नका, त्यात मांजराला लागतं तेवढं टॉरिन असेलच असं नाही.

लाडाचं म्हणजे काय? उकडलेलं अंडं चालतं, कच्चा पांढरा बलक नको. मासे शिजवून, काटे काढून. कच्च्या माशात, काही जातींत, ब१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, शिजवलं की ते जातं. सुकट आणि सुके बोंबील मांजराला वेड लावतात, पण त्यात मीठ केवढं असतं बघा, द्यायचंच तर भिजवून दोन पाण्यांनी धुऊन थोडंसं. काळीज म्हणजे लिव्हर स्वस्त मिळतं म्हणून काही जण रोज तेच आणतात. तसं करू नका, त्यातलं अ जीवनसत्त्व साचत जातं आणि मानेची हाडं आखडतात, मांजराला स्वतःचं अंगसुद्धा नीट चाटता येत नाही. आठवड्यातनं एखादा लहान तुकडा बास. शी घट्ट होत असेल तर उकडलेला लाल भोपळा चमचाभर, बिनमिठाचा. भात थोडा मिसळला तर हरकत नाही.

पेढा, बर्फी, बासुंदी मागतं म्हणून देतात, पण मांजराला गोड चवच कळत नाही, गोडाची चव घेणारा जीनच त्यांच्यात बंद पडलेला आहे हे २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरनं शोधलंय. ते मागतंय ते स्निग्धपणासाठी. साखर देऊन काय मिळणार त्याला?

चॉकलेट, चहा, कॉफी अजिबात नको. आणि तासगाव आपल्या शेजारी, घराघरात बेदाण्याचे डबे, तर द्राक्षं-बेदाणे पण लांब ठेवा. कुत्र्यांच्या किडनीवर त्याचा परिणाम होतो हे पक्कं आहे, मांजरांत असं कमी दिसलंय, पण त्यात असं काहीच नाही की ज्याच्यावाचून मांजराचं अडेल.

आपल्या सांगलीत जैन आणि इतर शाकाहारी घरं खूप आहेत आणि त्यांच्याकडंही मांजरं आहेत, फार मायेनं सांभाळतात. त्यांना मांस शिजवा म्हणायचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. पण मांजराला शाकाहारी करायला जाऊ नका, कळकळीनं सांगते, त्याचं शरीर त्यासाठी बनलेलंच नाही. गाजरातनं अ जीवनसत्त्वसुद्धा त्याला करून घेता येत नाही. तयार पाकिटातलं फूड बाहेर पॅसेजमध्ये वेगळ्या वाटीत ठेवलं तर घरचा नेमही राहतो आणि मांजरही उपाशी राहत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन घरांत असंच चाललंय आणि दोन्हीकडची मांजरं मस्त आहेत.

नवीन फूडवर आणताना मात्र "भूक लागली की खाईल" म्हणून ताणू नका. मांजर, त्यातही जाड मांजर, दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं. जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदला.

आणि चुकून अळणी किंवा मसाल्याचं काही पोटात गेलंच तर लगेच काही दिसलं नाही म्हणून निवांत बसू नका, रक्त कमी झाल्याची लक्षणं काही दिवसांनी दिसतात. काय खाल्लं, अंदाजे किती, कधी, हे लिहून घ्या आणि डॉक्टरांकडं न्या. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल तर चुकूनही नको, क्रोसिन असो, डोलो असो, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते, कारण ते औषध मोडायची सोय त्याच्या लिव्हरमध्ये नाही. रात्री-अपरात्री कुठला डॉक्टर बघेल तो नंबर आजच विचारून फ्रीजवर चिकटवून ठेवा.