कार्कासोनची संध्याकाळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोन या दुहेरी तटाच्या गावावर मी लेख लिहिला, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली.

"तुलूझहून ऑफिस सुटल्यावर गाडी काढायची, तीन तास भटकायचं आणि गाव पाहिलं म्हणून लिहायचं. आतला किल्ला तर बंदच! शिवाय ते मध्ययुगीन नाहीच, एकोणिसाव्या शतकात उभारलेला सेट आहे. रायगडावर कुणी अशी टोकदार छपरांची टोपडी चढवली तर चालेल का?" असं तुम्ही लिहिलंत, वर शार्लमेनची चूकही दाखवलीत. चुकीपासूनच सुरुवात करते.

फ्रँक राजा शार्लमेनचा वेढा, आत धान्य भरपूर आहे असं भासवायला गावच्या दाम (बाई) कार्कासने डुकराला गहू चारून तटावरून फेकणं, वेढा उठल्यावर घंटा वाजवणं, हे सगळं मी इतिहास असल्यासारखं लिहून गेले. ती दंतकथा आहे. शार्लमेन गादीवर येण्याआधीच त्याच्या वडिलांनी हा मुलूख घेतला होता. लेखात दुरुस्ती केली आहे. डुक्कर मात्र ठेवलंय, माझ्या लेकीला सहलीतलं तेवढंच आठवतं.

आता संध्याकाळ. तुलूझहून अंतर नव्वदेक किलोमीटर, टोलरस्त्याने तासाभराचं. जूनअखेर तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे सातला पोचलो तरी अडीच तास उजेड हातात. ओद नदीवरच्या जुन्या पुलावर उभं राहिलं की तटाची पश्चिम बाजू समोर येते. सकाळी ती सावलीत असते, संध्याकाळी तिच्यावर सरळ ऊन पडतं. तटाच्या आत शिरायला तिकीट नाही, ते लागतं आतल्या किल्ल्याला आणि तटावरून फिरायला. ते दोन्ही हुकलं, कबूल. पण दोन तटांमधली मोकळी पट्टी, तिला तिथे 'लीस' म्हणतात, ती आम्हाला जवळजवळ रिकामी मिळाली. आतल्या तटाच्या उत्तर बाजूला खालच्या दगडांमध्ये लाल विटांचे पट्टे दिसतात. ते रोमनांचं काम. बाहेरचा तट तेराव्या शतकातला, फ्रान्सच्या राजांनी बांधलेला. त्याआधी १२०९ साली कॅथर या ख्रिस्ती पंथाविरुद्धच्या धर्मयुद्धाच्या फौजेने गावाला वेढा घातला, तरुण सरदार त्रांकाव्हेल कैद झाला आणि त्याच वर्षी कैदेतच मेला. हे सगळं तटाला हात लावत लेकीला सांगता आलं. दुपारच्या गर्दीत ते जमलं नसतं.

राहिला 'सेट'. १६५९ च्या तहाने स्पेनची सरहद्द दक्षिणेला सरकली आणि या ठाण्याचं महत्त्व संपलं. पुढे दगड चोरीला जाऊ लागले, आणि १८४९ मध्ये सरकारने तट पाडायचंच ठरवलं. गावातले इतिहास अभ्यासक क्रो-मेरव्हिएय आणि लेखक मेरिमे यांनी आरडाओरडा केला म्हणून ते टळलं. १८५३ पासून वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकने डागडुजी हाती घेतली. बुरुजांवरची स्लेटची टोकदार छपरं त्याचीच. ती उत्तरेकडच्या धाटणीची, इथली मूळ रीत कमी उताराच्या कौलारू छपरांची. ही टीका तेव्हाही झाली आणि नंतर काही रोमन बुरुजांवर लाल कौलं घातली गेली. म्हणजे टोपड्यांबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर. पण टोपडं काढलं तरी खाली डोकं जुनंच आहे. १९९७ मध्ये युनेस्कोने यादीत घेतलं, तेही या डागडुजीची दखल घेऊनच.

रायगडाचं म्हणाल, तर तिथे अशी छपरं मलाही नकोत. १८१८ च्या तोफमाऱ्यात आणि आगीत तिथले वाडे गेले, वर काय होतं ते अंदाजानेच उभं करावं लागेल. इथे तट आणि बुरूज उभे होते, हा फरक आहे.

खरं तर रागवायचंच असेल, तर आणखी एका गोष्टीवर रागवा. लीसमध्ये तटाला टेकून गरिबांची घरं होती. तट 'शुद्ध' करायचा म्हणून ती पाडली. आम्ही ज्या मोकळ्या पट्टीत निवांत फिरलो, ती अशी मोकळी झालेली आहे. हे मूळ लेखात यायला हवं होतं आणि तुम्हीही ते विचारलं नाहीत.

तुम्ही जाल तेव्हा सकाळी किल्ला बघा, दुपारी कासुले, म्हणजे तिथला घेवडा-मांसाचा रस्सा, खा. त्या जड जेवणावर झोप येईलच. उठलात की उन्हं उतरायच्या आत जुन्या पुलावर या.