शेर गेला, पावशेर राहिला

एखादा देश मेट्रिक करायचं काम अंगावर आलंच, तर एक पथ्य पाळा: कायदा वजनांना लावा, लोकांच्या जिभेला हात लावू नका. भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला, ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो आणला आणि ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमचा शेर निवृत्त केला. पावशेर मात्र भाजीच्या गाडीवर अजून नोकरीत आहे. पूर्वी २३३ ग्रॅमचा होता, आता २५०चा. या सगळ्या उलाढालीत बढती मिळाली ती त्यालाच.

तोळ्याची मात्र झीज झाली. ११.६६ ग्रॅमचा तोळा सराफाच्या तोंडी १० ग्रॅमवर आला. तेव्हा आजीच्या जुन्या पाच तोळ्यांच्या पाटल्या काट्यावर ५८ ग्रॅम भरल्या, तर वाटणी होईपर्यंत ‘पाचच तोळे’ म्हणत राहा.

नाण्यांचं घाईने उरकून टाका. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० नये पैसे झाले, त्यामुळे आण्याचे आले सव्वासहा. पाव पैशाचं नाणं कोण पाडणार? म्हणून तक्ता: एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. एकेक आणा चारदा मोजलात तर २४, एकदम मोजलात तर २५. शाळेत गणिताला कमी मार्क का पडतात, ते इथे कळतं.

खरी करामत जमिनीत करा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर छापा आणि पारावरचा सौदा एकर-गुंठ्यात होऊ द्या. ‘गुंठा म्हणजेच आर’ हे कुणीतरी सांगेलच, खोडू नका. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, आर १००चा. फरक चिमूटभर. पण एकराचे ४० गुंठे म्हणून ४० आर लिहून घेतलेत की जवळपास ४७ चौरस मीटर गेले. म्हणजे पाचशे चौरस फूट. शहरात तेवढ्यात लोक संसार करतात, खेड्यात तेवढ्यावर दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

बांधकामाला तर नखही लावू नका. सळई १२ मिलिमीटरची पाडा, मिस्त्री तिला ‘चार सूत’ म्हणेल. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सुतांचे १२.७ होतात, उरलेले ०.७ बोलण्यात जिरतात. वाळू ब्रासने घ्या: १०० घनफूट, २.८३ घनमीटर. गिलाव्याचा ब्रास मात्र १०० चौरस फुटांचा. दोन्ही एकाच बिलात आले की घरमालकाला चहा पाजा, हिशेब नंतर दाखवा.

पायलीच्या वाटेला जाऊ नका. ती आकारमानाचं माप. ज्वारीचे किलो वेगळे, तुरीचे वेगळे, त्यात वर शीग चढवायची. काट्यावर शीग चढत नाही, हीच दशमान पद्धतीची मोठी उणीव. नऊवारीचं नावही बदलू नका: वारात ०.९१४४ मीटर, म्हणजे ‘सव्वाआठमीटरी’ नेसायची वेळ येईल.

एवढं झालं की पुढची पिढी तयार करायला घ्या. मुलांना सेंटिमीटर शिकवायचेत ना? तीस सेंटिमीटरची फूटपट्टी आणून द्या.